पाण्याची उष्णता आणि माशांचीं पिल्लें

राजुऱ्याचा उन्हाळा कसा असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चैत्र सरतो न सरतो तोंच वारा तापूं लागतो. वैशाखांत भर दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा वेळीं मनुष्य घरांत शिरतो, गुरें झाडाखालीं उभीं राहतात, पांखरें पानांआड दडतात. परंतु तळ्यांतील माशानें कोठें जावें? त्यांतही जें पिल्लूं अजून जिऱ्याच्या दाण्याएवढेंच आहे, ज्याच्या अंगीं खोल पाण्यापर्यंत पोहण्याचें बळ नाहीं, त्याची काय गत होत असेल? प्रश्न लहान वाटतो. पण आमच्या भागांतील कित्येक ढीवर व भोई कुटुंबांची वर्षाची मिळकत त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. तळें ठेक्यानें घ्यावें, पदरचे पैसे घालून मत्स्यबीज आणावें, तें पाण्यांत सोडावें, आणि चार दिवसांत त्यांतील बहुतेक मरून जावें, असें झालें तर पुढें वर्षभर जाळें टाकून हातीं काय लागणार? म्हणून पाण्याची उष्णता आणि माशांच्या पिल्लांचें जगणें यांचा संबंध काय आहे, तें येथें सोप्या रीतीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आपल्या आसपासचीं पाण्याचीं स्थळें कोणतीं तें पाहूं. आपला तालुका वर्धा नदीच्या कांठीं वसलेला आहे. १९४८ सालापर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता व १९५९ सालीं तो चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. त्या काळीं वर्धा ही सरहद्दीची नदी होती. तिच्या पलीकडील मुलखांत मालगुजारांच्या ताब्यांत असलेलीं शेंकडों तळीं होतीं. मालगुजारी गेल्यावर त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणूं लागले, व त्याचेंच संक्षिप्त रूप 'मामा तलाव' हें आज सर्वांच्या तोंडीं आहे. घोडाझरी, आसोलामेंढा यांसारखे मोठे तलावही त्याच बाजूस आहेत. अलीकडे, आपल्या बाजूस, गांवोगांवचीं लहान तळीं, गडचांदूरजवळचा अमलनाल्याचा जलाशय आणि खुद्द वर्धेचे डोह हींच माशांचीं मुख्य घरें होत. मरळ, शिंगी, मागूर हे मासे येथें पूर्वींपासूनचे आहेत. रोहू, कटला व मृगळ हे मात्र बहुतेक तळ्यांत बीज आणून सोडावे लागतात, कारण सांचलेल्या पाण्यांत ते आपण होऊन अंडीं घालीत नाहींत.

हें बीज पूर्वीं पुराच्या वेळीं नद्यांतूनच धरून आणीत असत. १९५७ सालच्या जुलै महिन्याच्या १० तारखेस ओरिसांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी व त्यांचे सहकारी यांनीं माशास मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून तळ्याच्या पाण्यांतही त्यास अंडीं घालावयास लावलें, आणि तेव्हांपासून मत्स्यबीजाचा धंदा नदीच्या लहरीवर अवलंबून राहिला नाहीं. अंड्यांतून बाहेर पडून दोनतीन दिवसांचें झालेलें पिल्लूं सहा ते आठ मिलिमीटर लांब असतें. त्यास 'मत्स्यजिरें' म्हणतात. पंधरावीस दिवसांत तें इंचभर झालें म्हणजे 'मत्स्यबीज', आणि बोटाएवढें झालें म्हणजे 'बोटुकली' होतें. या तीन पायऱ्यांपैकीं पहिली पायरी सर्वांत कठीण. चांगली निगा राखली तरीही जिऱ्यांपैकीं निम्मीं वांचलीं तर तें मोठें यश समजतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. मनुष्याचें शरीर बाहेर थंडी असो कीं ऊन असो, आपली उष्णता सुमारें ३७ अंशांवर राखून असतें. माशाचें तसें नाहीं. जसें पाणी, तसें त्याचें शरीर. पाणी थंड झालें कीं तो थंड होतो, पाणी तापलें कीं तो तापतो. आणि शरीर तापलें म्हणजे त्याचे सर्व व्यापार भराभर चालूं लागतात. हृदय जलद उडतें, अन्न लवकर पचतें, व श्वासही अधिक लागतो. स्थूलमानानें असें म्हणतां येईल कीं, पाण्याची उष्णता १० अंशांनीं वाढली कीं माशास लागणारा प्राणवायु जवळजवळ दुप्पट होतो.

हा प्राणवायु त्यास मिळतो कोठून? पाण्यांत विरघळलेल्या हवेंतून. कल्ल्यांतून पाणी जात असतां मासा त्यांतील प्राणवायु शोषून घेतो. पण पाण्याचें भांडार फार लहान आहे. एक लिटर हवेंत सुमारें २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. तोच ३० अंशांच्या एक लिटर पाण्यांत हवेंतून सुमारें ७.६ मिलिग्रॅमच विरघळतो. शिवाय पाणी जितकें ऊन, तितका तो कमी. २० अंशांस ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांस ८.३, ३० अंशांस ७.६ आणि ३५ अंशांस सुमारें ७, असा हा उतरता क्रम आहे. याची साक्ष पाहावयाची असेल तर चुलीवर पाण्याचें पातेलें ठेवून बघावें. पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधीं पातेल्याच्या आंतल्या अंगास बारीक बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. तो वाफेचा बुडबुडा नव्हे. पाणी तापल्यामुळें त्यांतून बाहेर पडणारी ती हवा होय.

संसारी माणसास या गोष्टीचें मर्म तेव्हांच कळेल. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलें म्हणजे माशाची आवक एकषष्ठांशानें घटते आणि खर्च मात्र दुप्पट होतो. ज्या घरांत शिल्लक आहे तें घर असे दिवस कसेबसे काढतें. ज्या घरांत शिल्लक नाहीं तें बुडतें. उन्हाळ्यांत तळ्यांत मेलेले मासे दिसले कीं लोक म्हणतात, 'पाणी तापलें, मासे भाजले.' पाणी पराकाष्ठेचें तापलें तर केवळ उष्णतेनेंही मासा मरतो, हें खरें. परंतु पुष्कळ वेळां तो भाजत नाहीं, त्याचा श्वास कोंडतो. ही गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप समजतात.

मोठ्या माशापेक्षां पिल्लावर हें संकट अधिक कां यावें? त्याचीं कारणें तीन. पहिलें असें कीं, प्राणी जितका लहान तितका त्याच्या वजनाच्या मानानें त्यास श्वास अधिक लागतो. दुसरें, अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे कल्ले पुरते तयार झालेले नसतात. तें अंगावरील पातळ कातडीच्या द्वारें श्वास घेतें, आणि पाण्यांतील प्राणवायु उणा झाला तर जागा बदलण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं नसतें. तिसरें कारण अन्नाचें. जन्मतः पिल्लाच्या पोटास बलकाची एक लहानशी पिशवी असते; तीच त्याची पहिल्या दोनतीन दिवसांची शिदोरी. पाणी अधिक ऊन असलें तर शरीराचे व्यापार जलद चालून ही शिदोरी लवकर संपते. तोंवर तळ्यांत त्यास खाण्यासारखे सूक्ष्म जीव उत्पन्न झालेले नसले, तर तें उपाशीं मरतें. म्हणूनच जाणते लोक जिरें आणण्यापूर्वीं तळ्यांत त्याचें अन्न तयार झालें आहे कीं नाहीं तें आधीं पाहतात.

उष्णतेचा अंमल अंड्यापासूनच सुरू होतो. रोहू माशाचें अंडें २८ अंशांच्या सुमारास असलेल्या पाण्यांत पंधरा ते अठरा तासांत फुटतें. संध्याकाळीं घातलेल्या अंड्यांतून दुसऱ्या दिवशीं सकाळीं पिल्लें वळवळूं लागतात. याच्या उलट १९०० सालच्या सुमारास विलायतेहून काश्मीरांत आणलेल्या ट्राउट माशाच्या वंशाकडे पाहावें. तो बर्फाच्या पाण्याचा रहिवासी. या कुळांतील माशांच्या अंड्यांस १० अंशांच्या पाण्यांत फुटावयास महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तो मासा आपल्या तळ्यांत एक उन्हाळाही काढूं शकणार नाहीं, आणि आपला रोहू तेथील झऱ्यांत वाढणार नाहीं. प्रत्येक जातीला तिची तिची मर्यादा आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या अंड्यांस साधारणतः २६ ते ३१ अंशांचें पाणी मानवतें. त्याहून फार ऊन पाण्यांत अंडीं लवकर फुटतात खरीं, पण घाईनें जन्मलेलीं पुष्कळ पिल्लें वांकडीं व दुबळीं निपजतात.

यावरून निसर्गाची योजना किती नेमकी आहे तें दिसून येईल. हे मासे अंडीं घालतात ते नवतप्यांत नव्हे, तर पावसाळा लागून नद्यांस पूर आल्यावर. त्या वेळीं आभाळ झांकोळलेलें असतें, पाणी तिसाच्या आसपास उतरलेलें असतें, आणि वाहत्या प्रवाहांत प्राणवायूही भरपूर मिसळलेला असतो. परंतु पाऊस वेळेवर आला नाहीं, किंवा येऊन दोन आठवडे दडी मारून बसला, तर हें गणित बिघडतें. बीज संगोपनाचीं तळीं मुद्दाम लहान व उथळ केलेलीं असतात. आषाढांतील उघडिपीच्या कडक उन्हांत त्यांतील वरच्या थराचें पाणी दुपारीं ३५ अंशांच्या पलीकडे सहज जाऊं शकतें. सायप्रिनस नांवाचा जो परदेशी मासा आपल्याकडे पाळतात, तो तर जानेवारी ते मार्च या काळांतही अंडीं घालतो. त्याच्या पिल्लांस सबंध उन्हाळाच डोक्यावर घ्यावा लागतो.

येथें आपल्या मरळ माशाचें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मरळाच्या मस्तकांत कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, व तिच्या योगानें तो पाण्यावर तोंड काढून हवेंतला श्वास घेऊं शकतो. त्याचीं तांबूस पिल्लें थव्यानें पाण्याच्या पृष्ठभागीं फिरतात आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. आटत्या डबक्यांतही मरळ, शिंगी व मागूर टिकाव धरतात आणि रोहू, कटला मरतात, याचें कारण हेंच. म्हणजे ज्यांची श्वासाची सोय निराळी आहे ते त्याच ऊन पाण्यांत जगतात. श्वास कोंडणें हेंच मरणाचें मुख्य कारण कसें, याचा याहून चांगला पुरावा तो कोणता?

कोणास असें वाटेल कीं, दुपारीं पाणी सर्वांत ऊन असतें, तेव्हां मासे दुपारींच मरत असावेत. पण तळ्याच्या कांठीं राहणारे सांगतील कीं, मासे बहुधा पहांटे तळमळतात. याचें कारण शेवाळ. दिवसां सूर्यप्रकाशांत पाण्यांतील हिरवें शेवाळ प्राणवायु निर्माण करतें. रात्रीं मात्र तें स्वतःच प्राणवायु घेऊं लागतें. मासे, किडे, शेवाळ, तळाशीं कुजणारा पाला हे सर्व रात्रभर एकाच कोठारांतून खातात, आणि उजाडण्यापूर्वीं कोठार रितें होतें. रात्रींही पाणी ऊनच राहिलें तर तें अधिक लवकर रितें होतें. मासे पृष्ठभागीं येऊन तोंड वासूं लागले तर तें खेळत आहेत असें समजूं नये. तें संकटाचें चिन्ह आहे. माशांच्या मलांतून उत्पन्न होणारा अमोनियाही ऊन पाण्यांत अधिक विषारी होतो, हें त्यांत आणखी एक.

उष्णता किती, यापेक्षां ती किती एकाएकीं बदलली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं रोहू, कटला व मृगळ यांच्या लहान पिल्लांचा अभ्यास करून तो २००४ सालीं प्रसिद्ध केला. चार निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्यांत पिल्लें आधीं सरावास ठेवून मग त्यांची सहनशक्ति तपासली, तेव्हां ऊन पाण्यास सरावलेलीं पिल्लें अधिक उष्णता सोसूं शकतात असें दिसून आलें. मात्र पाण्याच्या उष्णतेबरोबर त्यांस लागणारा प्राणवायूही वाढत गेला. तात्पर्य, संवयीनें सोसण्याची शक्ति वाढते, पण संवय लागण्यास वेळ द्यावा लागतो, आणि श्वासाची गरज संवयीनें सुटत नाहीं.

हें तत्त्व जुन्या बीजविक्यांस अनुभवानें ठाऊक होतें. बंगाल्यांत ते मातीच्या हंड्यांतून बीज नेत, व वाटेंत हंडा हालवीत राहत, म्हणजे पाण्यांत हवा मिसळे. मातीच्या भांड्यांतून पाणी पाझरून वाळतें आणि आंतील पाणी थंड राहतें, हें आपल्या घरच्या माठावरून सर्वांस माहीत आहेच. हल्लीं बीज प्लॅस्टिकच्या पिशवींत येतें. तिच्यांत सुमारें एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायु भरलेला असतो. अशी पिशवी गाडींतून उतरतांच फोडून तळ्यांत ओतली, तर थंड पाण्यांतील पिल्लें एकदम ऊन पाण्यांत पडतात आणि धक्क्यानें मरतात. त्याच दिवशीं न मेलीं तरी दुबळीं होऊन पुढील दोनचार दिवसांत मरतात, व मालकास वाटतें कीं बीजच वाईट होतें. म्हणून बंद पिशवी पंधरावीस मिनिटें तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून तळ्याचें पाणी थोडें थोडें तिच्यांत घ्यावें. आणि शेवटीं पिशवी आडवी धरून पिल्लांस आपण होऊन बाहेर जाऊं द्यावें. हें काम सकाळीं किंवा संध्याकाळीं करावें, दुपारीं कधींही करूं नये. अर्ध्या तासाच्या या धीरावर हजारों जीव वांचतात.

एकाएकीं होणाऱ्या बदलाचें दुसरें उदाहरण पहिल्या पावसाचें. उन्हाळ्यांत खोल तळ्याचें वरचें पाणी ऊन व हलकें, तर खालचें गार व जड असतें. दोन्ही थर सहसा मिसळत नाहींत. तळाशीं पाला कुजून तेथील प्राणवायु संपलेला असतो. वळवाचा गार पाऊस जोरानें पडला कीं वरचें पाणी थंड होऊन खालीं बसतें आणि तळाचें नासलेलें पाणी वर येतें. म्हणून जो पाऊस शेतास अमृत, तोच क्वचित् तळ्यांतील माशांस घातक होतो.

थंडीचीही थोडी दखल घेतली पाहिजे. आमच्याकडे पौषांत पहांटे चांगलाच गारठा पडतो. पाणी २० अंशांच्या खालीं गेलें कीं रोहू, कटला यांची वाढ मंदावते, आणि त्याहून फार खालीं गेलें तर ते अन्न जवळजवळ सोडतात. यास्तव उशिरा सोडलेलें बीज थंडीपूर्वीं पुरेसें मोठें होत नाहीं, व तसेंच लहान राहून पुढील उन्हाळ्यास सांपडतें.

आतां उपाय काय? ते खर्चाचे नाहींत, लक्ष देण्याचे आहेत. तळ्यांत निदान एक भाग तरी दीडदोन मीटर खोल असावा, म्हणजे दुपारीं माशांस आसरा मिळतो. संगोपनाच्या लहान तळ्याच्या थोड्या भागावर ताट्या किंवा पानांचें छप्पर घालून सावली करावी. पण सर्व पाणी झांकूं नये, कारण उजेडावांचून शेवाळ प्राणवायु देत नाहीं. कडक उन्हांत खाद्य कमी टाकावें. न खाल्लेलें खाद्य कुजून प्राणवायु खातें. शेणखताचाही अतिरेक करूं नये. विहिरीचें पाणी सोडावयाचें असेल तर तें उंचावरून फवाऱ्यासारखें पडूं द्यावें, कारण जमिनीखालच्या पाण्यांत प्राणवायु थोडाच असतो. पडतांना तो त्यांत मिसळतो. पहांटे मासे तोंड वासतांना दिसले तर पाणी बांबूनें झोडपावें किंवा पंपानें खेळवावें. आणि पहांटेच्या वेळीं कोणीतरी तळ्यावर एक फेरी मारावी, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

तळें उथळ होण्याचें मुख्य कारण गाळ. जुन्या तळ्यांत वर्षानुवर्षें गाळ सांचून पाण्याची खोली घटते, आणि उथळ पाणी लवकर तापतें. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, तिचा हेतु गाळ काढून शेतांत टाकावा हा होता. त्यांत शेतकऱ्याचा लाभ उघड आहे. माशांच्या पिल्लांसही त्यांत गार पाण्याचा आसरा मिळतो, हें मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. नदीच्या डोहांचेंही तसेंच. वैशाखांत वर्धेचें पात्र जागोजाग उघडें पडतें, तेव्हां नदींतील मासे डोहांतच तग धरतात. डोह बुजला कीं पुढच्या पावसाळ्यांत अंडीं घालणारे मासेच उरत नाहींत.

आपला प्रदेश कोळशाचा, विजेचा, सिमेंटाचा व कागदाचा आहे. कारखान्यांतून निघणारें ऊन पाणी नदीनाल्यांत सोडावयाचें तर तें तेथील पाण्यापेक्षां ५ अंशांहून अधिक ऊन असूं नये, असा आपल्या देशांतील सर्वसाधारण नियम आहे. हा नियम कां केला असावा, हें वरील विवेचन वाचलेल्या विद्यार्थ्यास निराळें सांगावयास नको. सर्व पृथ्वीचीच उष्णता गेल्या शेंदीडशें वर्षांत एका अंशाहून अधिक वाढली आहे. एक अंश म्हणजे काय मोठेंसें, असें वाटेल. पण जें तळें आधींच मर्यादेच्या कांठावर आहे, त्यास एक अंशही पुरतो.

विद्यार्थिमित्रांनीं यांतील निदान एक गोष्ट स्वतः पडताळून पाहावी. वडील मंडळींस बरोबर घेऊन गांवच्या तळ्यावर जावें. बाटलीस दगड बांधून तिच्या तोंडास बूच लावावें व बुचास निराळी दोरी बांधावी. बाटली खोल सोडून बूच ओढलें कीं खालचें पाणी तींत भरतें. ती त्वरित वर काढून उष्णतामापकानें तें पाणी मोजावें. नंतर पृष्ठभागावरील पाणी मोजावें. पहांटे एकदां व दुपारीं तीन वाजतां एकदां, असें आठवडाभर करून आंकडे वहींत मांडावे. तळें किती खोल आहे, कोठें सावली आहे, कोणत्या वेळीं मासे वर येतात, हेंही त्यांत टिपावें. ज्यांच्या घरीं मासेमारीचा धंदा आहे त्यांनीं ती वही वडिलांस दाखवावी, व ते काय म्हणतात तेंही तींत लिहावें. त्यांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञान आणि उष्णतामापकाचे आंकडे एकमेकांस कोठें पुष्टि देतात, हें पाहण्यासारखें असतें. अशी वही एका उन्हाळ्याची झाली तर ती त्या गांवाच्या उपयोगी पडेल. बीज केव्हां सोडावें, गाळ कोठला काढावा, सावली कोठें करावी, या प्रश्नांचीं उत्तरें तीत सांपडतील, आणि जिऱ्याएवढ्या जिवांपैकीं आणखी कांहीं बोटाएवढे होतील.